झेब्रा फिंचची पहिली जोडी: ठाणे-नवी मुंबईच्या दमट हवेत

झेब्रा फिंच हा नवशिक्यांचा पक्षी म्हणून विकला जातो, आणि त्यात फारसं खोटं नाही. बारा-पंधरा ग्रॅमचा जीव, खाणं थोडं, आवाज बारीक. नीट ठेवला तर पाच ते आठ वर्षं जगतो. विकणारा एकच गोष्ट सांगत नाही: हा ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या गवताळ मुलखातला पक्षी आहे. मध्य ऑस्ट्रेलियाच्या बऱ्याच भागात वर्षभरात तीनशे मिलिमीटरही पाऊस होत नाही. ठाण्यात तेवढा जुलैतल्या एखाद्या जोरदार आठवड्यात होऊन जातो. पिढ्यानपिढ्या पिंजऱ्यात वाढल्यामुळे इथला उकाडा त्याला सोसतो, थंडी तर इथे नावालाच असते. त्याला जड जाते ती ओल, म्हणजे बुरशी धरलेलं धान्य, भिजलेला ट्रे आणि वारा न खेळणारी खोली. पुढची बरीचशी तयारी या ओलीसाठी आहे.

म्हणूनच पहिली जोडी जूनमध्ये आणू नये. नवी जागा, नवं खाणं आणि नव्वद टक्क्यांची आर्द्रता हे तिन्ही एकदम अंगावर आलं की धडधाकट पक्षीही आठवड्यात मलूल होतो. तुळशीच्या लग्नाचे फटाके आटोपले की महाशिवरात्रीपर्यंतचा काळ उत्तम. पावसाळ्याआधी पक्ष्याला घर अंगवळणी पडायला तीन-चार महिने मिळतात, आणि तुम्हालाही त्याच्या सवयी कळतात.

आणखी एक गोष्ट घरातल्या मुलांना आधीच सांगून ठेवा. फिंच हातावर बसत नाही, बोलत नाही, कुरवाळून घेत नाही. तो बघायचा आणि ऐकायचा पक्षी आहे. हातात खेळवायचा पक्षी हवा असेल तर हा घेऊच नका.

पिंजरा आधी, पक्षी नंतर

फिंच आडवा उडतो. त्यामुळे पिंजऱ्याची उंची जवळजवळ वाया जाते, उपयोगी पडते ती लांबी. एका जोडीला ३ फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच हे माप धरा. घर अगदीच लहान असेल तर अडीच फूट, त्याहून कमी नको. 'फिंचचा पिंजरा' म्हणून मिळणारा फूट-सव्वा फुटी चौकोनी किंवा घुमटाचा गोल पिंजरा पक्षी डॉक्टरकडे न्यायला ठीक आहे, राहायला नाही. त्यात पक्षी उडत नाही, नुसता दांडीवरून दांडीवर टुणटुणत राहतो. मग चरबी चढते आणि जोडीदाराची पिसं उपटणं सुरू होतं.

दोन तारांमधलं अंतर अर्धा इंच, म्हणजे १२ मिलिमीटर किंवा त्याहून कमी हवं. लव्हबर्डच्या पिंजऱ्यात ते जास्त असतं. फिंच त्यातून डोकं घालतो, अडकतो किंवा सरळ निसटतो. जाळी गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली असेल तर नवीन असतानाच व्हिनेगर आणि ब्रशने घासून, धुऊन, चार-पाच दिवस उघड्यावर ठेवा. जस्ताची सुटी पूड पोटात गेली तर विषबाधा होते. पुढे जाळीवर पांढरी भुकटी दिसू लागली तर तेही जस्तच, पुन्हा घासा. वर सरकणाऱ्या दारांना कपड्याचा चिमटा किंवा छोटा क्लिप लावलाच पाहिजे. तळाला जाळी आणि तिच्याखाली ओढता येणारा ट्रे असला की पक्ष्याचे पाय विष्ठेत आणि ओल्या कागदावर जात नाहीत.

दांड्या पेन्सिलीइतक्या जाड, ८ ते १२ मिलिमीटरच्या. पिंजऱ्यासोबत येणाऱ्या गुळगुळीत प्लॅस्टिकच्या दांड्या काढून टाका. एकाच जाडीवर सतत बसून तळव्यांना गाठी येतात. पेरू, कडुनिंब किंवा शेवग्याच्या कमीजास्त जाडीच्या फांद्या घासून, उन्हात कडक वाळवून लावा. सोसायटीच्या बागेतली कण्हेर लांब आणि सरळ असते म्हणून मोह होतो, पण ती विषारी आहे, लाल असो की पिवळी. दोन दांड्या दोन टोकांना, बाजूच्या जाळीपासून चार-पाच इंच आत लावा, म्हणजे शेपटी घासत नाही. मधली जागा पूर्ण मोकळी ठेवा. झोके, शिड्या, आरसे बहुतेकदा घेणाऱ्याच्या हौसेचे असतात. फिंचला त्यांच्यामुळे फक्त उडायची जागा कमी पडते.

कुठे ठेवायचा

ठाण्यात पिंजऱ्याची ठरलेली जागा म्हणजे खिडकीची बॉक्स ग्रिल. ती सगळ्यात वाईट. मे महिन्यात दुपारचं ऊन, जूनपासून तिरपा पाऊस, वर्षभर कावळे आणि कबुतरं. कबुतरांची विष्ठा आणि त्यांच्या अंगावरचे किडे वरच्या मजल्यावरून थेट पिंजऱ्यात येतात. पाइपावरून चढणारे उंदीर रात्री जाळीतून बोटं कुरतडतात. सकाळी तासभर कोवळ्या उन्हासाठी पिंजरा तिथे जरूर न्या, कारण काचेतून आलेल्या उन्हात ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण नसतात. पण घरात कोणी असतानाच, आणि अर्धा पिंजरा सावलीत राहील असा.

कायमची जागा म्हणजे हॉलमधली, मागे भिंत असलेली, डोळ्याच्या उंचीची. पंखा चालू असावा, पण झोत थेट पिंजऱ्यावर नको. एसीचंही तेच. स्वयंपाकघर पूर्ण वर्ज्य. नॉनस्टिक तवा रिकामा तापून जास्त गरम झाला की त्याच्या लेपातून निघणारा वायू माणसाला जाणवतही नाही, पण पक्षी काही मिनिटांत मरू शकतो. वन-आरकेमध्ये स्वयंपाक आणि बैठक एकाच खोलीत असेल तर नॉनस्टिक भांडीच काढून टाका, दुसरा खात्रीचा उपाय नाही. धूप, उदबत्ती, डास मारायची कॉइल, रूम फ्रेशनर हेही त्याच खोलीत नको. डासांसाठी संध्याकाळी पिंजऱ्यावर मच्छरदाणीचं कापड टाका. डासांमुळे पक्ष्यांना देवीसारखा फोडांचा रोग होतो, म्हणून हे कापड चैनीचं नाही. महापालिकेची धूरफवारणी किंवा सोसायटीचं पेस्ट कंट्रोल असेल त्या दिवशी पिंजरा दुसरीकडे हलवा. झुरळांसाठी फवाऱ्याऐवजी जेल मागा.

मुंग्यांसाठी स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायची पद्धत आहे, पण त्यात डासांच्या अळ्या होतात. पायांना व्हॅसलिनचा जाड पट्टा लावलेला बरा.

झोप दहा-बारा तास, अंधारात. टीव्ही रात्री अकरापर्यंत चालत असेल तर साडेसात-आठला तीन बाजूंनी जाड सुती कापड घाला आणि चौथी भिंतीकडची बाजू हवेसाठी उघडी ठेवा.

पक्षी निवडताना

नराच्या गालावर नारिंगी ठिपका असतो, गळ्यावर बारीक काळे-पांढरे पट्टे, कुशीला तांबूस रंगावर पांढरे ठिपके, चोच लालभडक. मादी राखाडी, चोच फिकट नारिंगी. पांढऱ्या फिंचमध्ये या खुणा नसतात, तिथे फक्त चोचीवर भिस्त. गातो तो नर. मादी नुसते छोटे आवाज काढते. चोच काळी असेल तर ते पिल्लू आहे, दुकानदार काहीही म्हणो. तीन महिन्यांपुढचा पक्षी घ्या.

एकटा फिंच ठेवू नये, तो थव्यात राहणारा पक्षी आहे. पण जोडी म्हणजे नर-मादीच असं नाही. अंडी-पिल्लांचा व्याप नको असेल तर एकाच पिंजऱ्यात वाढलेले दोन नर घ्या. मादी नजरेसमोर नसेल तर ते गुण्यागोविंदाने राहतात, शिवाय गाणं दुप्पट. पहिल्यांदा पाळणाऱ्याला आम्ही हेच सुचवतो. तीनचा आकडा टाळा. दोन नर आणि एक मादी म्हणजे रोजची मारामारी.

क्रॉफर्ड मार्केट असो की गल्लीतलं दुकान, आधी पाच मिनिटं लांबून बघा. जवळ गेलात की आजारी पक्षीही अंग सावरून ताठ बसतो. पिसं फुलवून दुपारी झोपलेला, श्वासागणिक शेपूट वर-खाली करणारा, गुदद्वाराजवळची पिसं चिकटलेली, श्वासाला टिकटिक आवाज येणारा पक्षी नको. आणि त्याच पिंजऱ्यातला दुसराही नको, दिसायला ठणठणीत असला तरी. पक्षी हातात घेऊन छातीचं मधलं हाड बोटाने चाचपा. ते सुरीच्या पात्यासारखं टोचलं तर पक्षी खंगलेला आहे. हातात धरताना छाती दाबू नका. पक्ष्याला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छाती हलली नाही तर त्याचा श्वासच थांबतो.

शेजारच्या पिंजऱ्यात कधी हिरव्या-गुलाबी रंगात बुडवलेल्या मनोली, म्हणजे मुनिया, दिसतात. त्या रानातून धरलेल्या असतात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे त्या पकडणं, विकणं आणि पाळणं गुन्हा आहे. झेब्रा फिंच परदेशी आणि पिंजऱ्यातच पैदास होणारा असल्याने त्याला ही अडचण नाही. जावा स्पॅरो मात्र साइट्स, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या यादीत आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा पक्ष्यांची नोंद केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते, ते फिंचबरोबर सहज म्हणून उचलू नका.

घरी आधीचे पक्षी असतील तर नवी जोडी महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवा. पहिले दोन दिवस तिच्यापुढे फक्त दाणा-पाणी ठेवा आणि कोणी जवळ घुटमळू नका. दुकानात कोणता दाणा चालू होता ते विचारून तोच घ्या आणि आठ-दहा दिवसांत हळूहळू बदला. ओळखीचा नसलेला दाणा समोर असूनही फिंच उपाशी राहतो, आणि एवढ्याशा जिवाला एक दिवसाचा उपासही भारी पडतो.

दाणा-पाणी

मुख्य दाणा राळा, पक्ष्यांच्या दुकानात कांग किंवा कांगणी म्हणतात तो. निम्मा राळा आणि उरलेल्यात एक-दोन जातींची बारीक, सालासकट भरडधान्यं असं मिश्रण ठेवा. मिळालं तर थोडं कॅनरी सीड. किराणा दुकानातली उपवासाची भगर साल काढलेली असते, ती लवकर खवट होते, म्हणून मुख्य दाणा म्हणून नको. एका पक्ष्याला दिवसाला चारेक ग्रॅम लागतात, म्हणजे जोडीला दोन छोटे चमचे. महिन्याला पाव किलो.

नवशिक्यांच्या घरी फिंच उपाशी मरतात ते भरलेल्या वाटीपुढे. हा पक्षी दाणा सोलतो आणि साल तिथेच टाकतो. वरून वाटी काठोकाठ दिसते, आत नुसता फोलपटांचा थर. रोज सकाळी वाटी बाहेर नेऊन फुंकर मारा, मग किती दाणा उरला ते कळतं. वाटी पसरट आणि उथळ हवी, आणि दांडीखाली नको.

नुसता दाणा पुरत नाही. समुद्रफेस जाळीला तारेने अडकवून ठेवा, काष्ठौषधीच्या दुकानात स्वस्त मिळतो. किंवा अंड्याची कवचं दहा मिनिटं उकळून, वाळवून, बारीक चुरून वेगळ्या वाटीत द्या. मादीला तर कॅल्शियम वर्षभर हवंच. कोथिंबीर, मेथी, शेवग्याचा पाला यांची एक छोटी जुडी खळखळून धुऊन, पाणी झटकून, चिमट्याने जाळीला लावा. दुपारी काढून टाका. पालक कधीतरीच, तो कॅल्शियम अडवतो. आठवड्यातून दोनदा पूर्ण कडक उकडलेलं अंडं कुस्करून एक छोटा चमचा, दोन तासांत उचलायचं. आधी बरेच पक्षी त्याला तोंड लावत नाहीत; वर राळा भुरभुरला की आठवड्याभरात शिकतात. अॅव्होकॅडो, चॉकलेट, चहा, फरसाण, कांदा काहीही नाही.

पाणी रोज ताजं, उन्हाळ्यात दोन ठिकाणी. फिंच चोच बुडवून कबुतरासारखं ओढून पाणी पितो, बऱ्याच पक्ष्यांसारखी मान वर करत नाही. आंघोळीला इंचभर पाण्याची बशी सकाळी द्या आणि तासाभराने काढा. बशी तशीच राहिली तर ते तेच घाण पाणी पितात.

पावसाळा

धान्यापासून सुरुवात. जून ते सप्टेंबर एका वेळी पाव किलोहून जास्त दाणा आणू नका. पाच किलोचं पोतं स्वस्त पडतं आणि जुलैत त्याला जाळी, पोरकिडे आणि बुरशी धरते. बुरशीचे कण श्वासातून गेले की फुप्फुसाचा जो आजार होतो तो पक्ष्याला बहुधा घेऊनच जातो. दाणा घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रिजमध्ये ठेवा. रोजच्यापुरता बाहेर काढा आणि वाटीत उरलेला दुसऱ्या दिवशी फेकून द्या, परत डब्यात ओतू नका. कोंदट वास आला, दाणे एकमेकांना चिकटले की सगळा डबा टाकायचा. उन्हात वाळवून बुरशीचं विष जात नाही. दाणा जुना आहे का हे बघायला ५० दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवा. तीन दिवसांत ४० च्या आसपास दाण्यांना मोड आले नाहीत तर दुकान बदला.

मोड आलेला राळा एरवी उत्तम खाणं, पण पावसाळ्यात बंदच ठेवा. हिरवी भाजीही निम्मी करा आणि पुसून कोरडी द्या.

ट्रेमध्ये लाकडाचा भुसा, वाळू असलं काही नको. साधं वर्तमानपत्र, रोज बदललेलं. एकदम सात-आठ घड्या अंथरून रोज वरची एक काढायची युक्ती हिवाळ्यात चालते, पावसाळ्यात खालच्या घड्या ओल धरतात. पिंजरा धुवायचा तो उघडीप असेल त्या दिवशी, गरम पाण्याने. मग फडक्याने पुसून पंख्याखाली ठणठणीत कोरडा होईपर्यंत पक्षी छोट्या पिंजऱ्यात. दांड्यांचे दोन संच ठेवा, एक वाळत असताना दुसरा लावता येतो.

छोटा आर्द्रतामापक खोलीत लावून ठेवा. ६० टक्क्यांच्या आत आदर्श, पण इथे जुलैत ते होत नाही. ८५ च्या वर सलग जाऊ लागलं तर दिवसातून दोन-तीन तास एसी ड्राय मोडवर चालवा किंवा दोन समोरासमोरच्या खिडक्या उघडून हवा खेळती ठेवा. खाडीकाठच्या इमारतींत, ऐरोली-वाशीकडे, भिंतीलाच ओल येते. तिथे पिंजरा भिंतीपासून वीतभर पुढे ओढा.

याच दिवसांत रक्त पिणारे बारीक लाल किडे वाढतात. ते दिवसा फटींत लपतात आणि रात्री पक्ष्यावर येतात. रात्री पिंजऱ्यावर पांढरं कापड टाका आणि सकाळी त्याच्या घड्या तपासा. लाल-काळे हलणारे ठिपके दिसले तर पिंजऱ्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात उकळतं पाणी ओता, पण आधी पक्षी बाहेर काढा. घरगुती कीटकनाशक मारू नका.

अंडी घातलीच तर

नर-मादी असतील तर दाणा, पाणी आणि घरटं एवढ्यावर ते वर्षभर अंडी घालत सुटतात. रानात हा पक्षी पाऊस झाला, गवताला दाणा धरला की विणीला लागतो. पिंजऱ्यात तो सुकाळ कधी संपतच नाही. मादी खचते. वर्षाला दोन, फार तर तीन वेळा. एरवी घरटं काढून ठेवा. मादी आठ महिन्यांची होण्याआधी घरटं देऊच नका.

काथ्याचं किंवा वेताचं बंद घरटं वरच्या कोपऱ्यात. अस्तराला काथ्याचे दोन-तीन इंची तुकडे द्या. कापूस आणि दोरे नको, ते पायात अडकून बोट सुजतं आणि झडतं. पहिलं अंडं दिसताच उरलेलं सामान उचला, नाहीतर नर अंड्यांवरच दुसरा मजला बांधतो. रोज एक अशी चार ते सहा अंडी, १२ ते १४ दिवसांत पिल्लं, आणि तीन आठवड्यांच्या आत ती घरट्याबाहेर. या काळात उकडलेलं अंडं रोज दोनदा. आई-बाप साधारण पस्तिसाव्या दिवसापर्यंत भरवतात. चोच नारिंगी व्हायला लागली की वेगळं करा, कारण तिसऱ्या महिन्यात भावंडंच आपसात जोड्या जमवतात.

मादी तळाला फुगून बसली, जोर करतेय आणि अंडं येत नाही, तर ते अडकलं आहे. पोट दाबू नका, तेल लावू नका. ऊब द्या आणि तडक डॉक्टरकडे न्या.

ऊब म्हणजे अशी: बुटाच्या खोक्याला भोकं पाडा, तळाला टिश्यू, गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून एका बाजूला, आत तापमान ३० अंशांच्या आसपास, पाणी आणि राळा तोंडाशी. कोणत्याही आजारी फिंचला पहिले उपचार हेच. दुकानातली 'सगळ्यावर चालणारी' अँटिबायोटिक पावडर पाण्यात टाकू नका. जिवाणूंशी संबंध नसलेल्या दुखण्यातही ती दिली जाते आणि खरं निदान लांबतं. आठवड्यातून एकदा पक्षी कागदी डबीत घालून दशांश ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर तोला. वजन दोन ग्रॅमने उतरलं तर पक्षी दिसायला बरा असला तरी आजारी आहे. कुत्र्या-मांजरांचे सगळे डॉक्टर पक्षी बघत नाहीत, म्हणून पक्षी आणण्याआधीच चौकशी करून नंबर पिंजऱ्यावर चिकटवा. परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय हा जुना आधार आहे, पण जुलैत लोकल बंद पडली तर ठाण्यातलाच कोणी माहीत असलेला बरा.

गणपतीला गावी जाताना पक्षी घरात एकटे एका दिवसापलीकडे ठेवू नका. शेजाऱ्याला किल्ली द्या. पाणी बदलायचं, कागद बदलायचा, आणि वाटी भरलेली दिसली तरी फुंकून बघायची, हे चिठ्ठीवर लिहून पिंजऱ्याला लावून ठेवा.